लांब पल्ल्याच्या कामांचे दप्तर सांभाळा: निधी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईत साहित्य, कोश, माहितीपट आणि कलाप्रकल्पांना अनुदान व पाठ्यवृत्ती देणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

आपल्या अर्जात 'प्रकल्पाचा कालावधी' असा एक रकाना असतो. चार खंडांची कादंबरी, एखाद्या वस्तीचे वर्षानुवर्षे चाललेले चित्रण, बोलीचा कोश, अशा कामांचा खरा कालावधी दहा-पंधरा वर्षांचा असतो. तो तसा लिहिला तर अर्ज मागे पडतो, म्हणून अर्जदार 'अठरा महिने' लिहितात आणि पुढे मुदतवाढीची पत्रे सुरू होतात. आम्ही या कामांच्या आतल्या बाजूला असतो. संपादन, संकलन, मुद्रितशोधन, मुलाखती उतरवून काढणे, फिल्म आणि टेपा जतन करणे हे आमचे रोजचे काम. त्यावरून एकच गोष्ट आपल्यापुढे मांडायची आहे. लांब पल्ल्याचे काम सर्जकाची उमेद संपली म्हणून क्वचितच बंद पडते. बहुतेक वेळा त्याचे दप्तर मोडते. टिपणे, कच्चे चित्रण, फायली, परवानग्या आणि घेतलेल्या निर्णयांच्या नोंदी दुसऱ्या माणसाच्या हाती दिल्या तर त्याला त्या कळतात की नाही, यावर सगळे ठरते. आणि आपला निधी याच गोष्टीला मिळत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे निरनिराळी हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित करण्याचे, काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ मध्ये गेले, तेव्हा जवळपास निम्मा काळ पुढेच होता. तरी काम थांबले नाही, याचे मोठे श्रेय एका आखीव कागदाला द्यावे लागेल. फुलस्केप कागदावर आडव्या-उभ्या रेघा. सर्वांत वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एका घरात एक अक्षर. त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताला स्वतंत्र ओळ. पाठ जिथे वेगळा असेल तिथेच, त्याच अक्षराखाली, तो भेद लिहायचा. उजवीकडे चार इंचांची मोकळी पट्टी, शेरे आणि जादा श्लोक यांच्यासाठी. असा कागद भरणारा शास्त्री बदलला तरी पुढच्याला तो वाचता येतो, कारण कुठे काय लिहायचे हे माणसाच्या डोक्यात राहिलेले नसते, ते कागदावर आखलेले असते. बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम तडीस नेले.

डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचे उदाहरण आपल्या नियमांच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. १९४८ मध्ये काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द काढून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यातच १९७३ उजाडले. पहिला खंड १९७६ मध्ये आला. काम अजून चालू आहे. 'यंदा किती पाने झाली?' हा प्रश्न वार्षिक तपासणीत दरवर्षी विचारला असता, तर पहिली पंचवीस वर्षे उत्तर 'शून्य' आले असते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, विसावा पुरा झाला २०१५ मध्ये. त्यातही पहिल्या खंडाच्या आधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह छापून झाला होता. शेकडो लेखक एकाच शास्त्रीय कल्पनेला वेगवेगळी नावे देत बसले तर शेवटी निस्तरणे अशक्य होते, हे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मंडळाने आधीच ओळखले होते. हे खर्च 'निर्मिती'त दिसत नाहीत. पण ते केले नाहीत तर निर्मिती होत नाही.

आता मुंबईचा विचार करू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. ६५-७० टक्क्यांच्या वर हवा राहू लागली की कागदावर आणि फिल्मवर बुरशी धरते. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना गंजतात आणि पानाला भोक पाडतात. रबरबँड वितळून चिकटतात. जेल पेनची शाई पसरते. थर्मल कागदावरच्या पावत्या दोन-तीन वर्षांत कोऱ्या होतात आणि लेखापरीक्षणाच्या वेळी तेच कोरे कागद पुढे येतात. उपाय महागडे नाहीत. टिपणे पेन्सिलीने किंवा चांगल्या बॉलपेनने लिहावीत, पिनांऐवजी प्लास्टिकच्या क्लिपा वापराव्यात, कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उचललेले असावे. फिल्म आणि टेपा घट्ट झाकणाच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसह ठेवाव्यात. नारिंगी दाण्यांचा रंग बदलला की सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले, की ते पुन्हा कामाला येतात. निळे दाणे घेऊ नयेत, त्यांत कोबाल्टचे विषारी संयुग असते. आर्द्रतामापक काही शे रुपयांत येतो, पण 'उपकरणे' या शीर्षाखाली तो बसत नाही म्हणून तो घेतलाच जात नाही.

ॲसिटेट फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर रासायनिक क्षय सुरू झाला आहे असे समजावे. निघणारे आम्ल क्षय आणखी वाढवते आणि शेजारच्या डब्यांनाही बाधते. तो डबा त्याच दिवशी वेगळा करावा आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे आणावा. पुढच्या आर्थिक वर्षातल्या मंजुरीची वाट पाहायला तिथे वेळ नसतो.

पाण्याचा धोका वेगळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तळमजल्यांवरचे गाळे, दुकाने, कार्यालये पाण्याखाली गेली. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण 'दुसरे ठिकाण' म्हणजे दुसरे पाणलोट. एक प्रत कुर्ल्यात आणि दुसरी कलिन्यात ठेवली तर दोन्ही मिठी नदीच्याच पाण्यात आहेत. एक प्रत नाशिकला, पुण्याला, कोल्हापूरला असावी.

पुराहून अधिक दप्तरे मात्र पुनर्विकासात जातात. इमारत रिकामी करायची नोटीस येते, कुटुंब भाड्याच्या लहान घरात जाते, आणि पोटमाळ्यावरची खोकी रद्दीवाल्याकडे. खोक्यावर आत काय आहे, कुणाचे आहे आणि कुणाला फोन करायचा, हे तीन ओळींत लिहिलेले असले तर अर्धी खोकी वाचतील.

मराठी मजकुराची स्वतःची एक अडचण आहे आणि ती समित्यांपर्यंत पोहोचलेलीच नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. १९९० नंतरची वीसेक वर्षे बहुतेक मराठी पुस्तके युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या फॉण्टमध्ये, जुळवली गेली. या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉण्ट नसला की फाईल उघडते, पण दिसतो तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. ज्या पेजमेकर प्रोग्राममध्ये पाने लावली, त्याची २००१ मधल्या ७.० नंतर नवी मोठी आवृत्ती आली नाही. तेव्हा सुरू झालेल्या कादंबरीचा किंवा कोशाचा पहिला भाग आज युनिकोडमध्ये आणायचा, तर रूपांतर करावे लागते, आणि ते बटण दाबून होत नाही.

जुन्या फॉण्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने लागतात. रूपांतर करणारा प्रोग्राम ही उलटापालट करताना जोडाक्षरांत अडखळतो. 'आचाऱ्यांना' जेवायला वाढले आणि 'आचार्यांना' जेवायला वाढले यांत फरक आहे, आणि शुद्धलेखन तपासनीस दोन्ही शब्द बरोबर मानून पुढे जातो. मजकुरातले इंग्रजी शब्दही त्याच संकेतांत असल्यामुळे त्यांचे निरर्थक देवनागरी होऊन जाते. म्हणून क्रम असा हवा: आधी मूळ फाईलची प्रत, मग एकाच प्रकरणाचे रूपांतर, मग वाङ्मय, तत्त्व, ऱ्हास, दऱ्या, उद्ध्वस्त, राष्ट्र, ज्ञान अशा शंभरेक अवघड शब्दांची तपासणी, मग नियम दुरुस्त करून उरलेला मजकूर, आणि शेवटी छापील प्रतीशी ताळा. एकाने छापील पान मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे. दोन माणसे लागतात, आणि आठशे पानांच्या ग्रंथाला त्यांचे काही आठवडे जातात.

यानंतरही एक खाच उरते. युनिकोडमध्ये 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो: ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे. 'ॲ' सुद्धा एकसंध अक्षर म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन येतो. एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. दहा वर्षांत दोन-तीन टंकलेखकांनी हात लावलेल्या फाईलमध्ये 'दऱ्या' शोधला तर निम्मेच सापडतात. सूची अपुरी राहते, कोशातल्या नोंदी चुकीच्या जागी लागतात, आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. एकच रूप ठरवावे, सगळीकडे बदलून घ्यावे, आणि ते कोणत्या तारखेला केले ते निर्णयवहीत लिहावे.

ही निर्णयवही प्रत्येक दीर्घ कामाला हवी. साधी शिवलेली वही पुरते: तारीख, काय ठरले, का ठरले. सुट्या कागदांवरचे निर्णय हरवतात आणि मोबाइलवरच्या गप्पांतले निर्णय फोनबरोबर जातात. कादंबरीला तर वहीबरोबर एक तक्ताही लागतो: पात्राचे जन्मसाल, प्रकरणाचे साल, वय. गिरणगावावरच्या कादंबरीत १९६८ मध्ये जन्मलेला मुलगा १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू होताना तेरा-चौदा वर्षांचा असला पाहिजे. तिसरा खंड पहिल्यानंतर नऊ वर्षांनी लिहिताना तो हमखास वीस वर्षांचा होऊन संपात उतरतो. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, त्यानंतर पात्र ट्रामने जाऊ शकत नाही. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे प्रभादेवी २०१८ मध्ये झाले. शुद्धलेखनाचेही तेच. १९६२ आणि १९७२ च्या नियमांआधीचे उतारे उद्धृत करताना अनुस्वार मूळचे ठेवायचे की काढायचे, हे पहिल्याच वर्षी ठरवून लिहून ठेवावे. नाहीतर दुसऱ्या खंडाचा मुद्रितशोधक पहिल्या खंडाच्या उलट करतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

माहितीपटांचे गणित मांडून दाखवतो, कारण त्यातून खर्चाचा अंदाज येतो. समजा, २००४ ते २०१० या काळात एका तासाच्या शंभर मिनीडीव्ही (लहान डिजिटल व्हिडिओ) कॅसेटी भरल्या आहेत. त्या संगणकावर उतरवायला कॅसेट पूर्ण चालवावीच लागते, म्हणजे शंभर तास. दिवसाला पाच तास धरले तर वीस दिवस. तासाला सुमारे १३ जीबी, म्हणजे १.३ टीबी, तीन प्रतींना चार टीबी. डिस्कचा खर्च किरकोळ आहे. अडते ते यंत्रापाशी. मिनीडीव्ही प्लेअर आता बनत नाहीत, त्यांना लागणारी फायरवायर जोडणी नव्या संगणकांत नसते, आणि शहरात चालू स्थितीतला प्लेअर शोधत माणूस महिनोन्‌महिने फिरतो. उतरवताना मूळ डीव्ही फाईलच ठेवावी, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम), इंटरलेस्ड (आडव्या ओळी एकाआड एक, दोन टप्प्यांत) जशी आहे तशी. जागा वाचवायला लगेच दाबून एमपी४ केले की चौकटींतली काही माहिती कायमची जाते. पुढचे चित्रणही २५ चौकटींवर आणि आवाज ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवावा. मध्येच २४ वर गेले की दहा वर्षांनी संकलनात हालचाली अडखळतात आणि ओठ-आवाज सरकतात. मुलाखतीचे शब्दांकन, म्हणजे ती ऐकून लिहून काढणे, याला तासाला पाच-सहा तास लागतात. शंभर तासांचे पाचशे-सहाशे तास होतात. या कामाला अंदाजपत्रकात जागाच नसते, आणि शब्दांकन नसले तर संकलकाला आपल्याकडे काय आहे हेच कळत नाही.

संगणकावरच्या फायली साठवायची एलटीओ चुंबकीय टेप (तिच्या पिढ्यांना क्रमांक असतात) घेतली की निश्चिंत, हा समजही खरा नाही. २०१० ची एलटीओ-५ टेप एलटीओ-७ यंत्रात वाचता येते, एलटीओ-८ मध्ये नाही. म्हणजे दर सहा-सात वर्षांनी मजकूर नव्या टेपेवर नेण्याचा खर्च आधीच धरला पाहिजे. नेताना प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा तपासणीचा आकडा, जुन्या यादीशी जुळवायचा. न जुळलेली फाईल लगेच दुसऱ्या प्रतीवरून भरायची.

मध्येच तंत्र बदलणे आणि मध्येच माणूस जाणे हा दीर्घ कामातला अपघात नाही, तो नेहमीचाच भाग आहे. 'पाकीजा' पन्नासच्या दशकात कृष्णधवल सुरू झाला, पुढे रंगीत आणि सिनेमास्कोप झाला. छायालेखक जोसेफ वर्शिंग १९६७ मध्ये, संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये गेले. चित्रपट मराठा मंदिरला लागला १९७२ मध्ये. आपल्या करारांत मात्र 'प्रमुख अर्जदाराचे निधन झाल्यास अनुदान रद्द' असे कलम असते. त्याऐवजी अर्जातच दुसऱ्या माणसाचे नाव घ्या, त्याचे संमतिपत्र घ्या, आणि वर्षातून एकदा त्याने दप्तर पाहिले असल्याची सही घ्या. सर्जकाला इच्छापत्र करायला सांगा. अप्रकाशित हस्तलिखित कुणाला मिळावे हे इच्छापत्रात लिहिले, की वेगळे काही नमूद नसल्यास त्याचा कॉपीराइटही त्यालाच जातो. नाहीतर हक्क सगळ्या वारसांत विभागले जातात, आणि एक वारस परदेशात असला तरी छपाई अडते. लेखकाच्या मृत्यूनंतर निदान ६० वर्षे हा प्रश्न जिवंत राहतो.

परवानग्यांचेही तसेच. छायाचित्र, गाणे, पत्रे वापरायला मिळालेल्या लेखी हक्कपत्रात मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. शिवाय वेगळे ठरले नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क संपतो. पहिल्या वर्षी उत्साहाने गोळा केलेली पत्रे पंधराव्या वर्षी निरुपयोगी ठरतात ती यामुळे. पत्रात 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, आणि एका वर्षात वापर न झाल्यासही हक्क कायम' हे शब्द असलेच पाहिजेत. लहान मुलांचे चित्रण पालकांच्या संमतीने झाले असेल, तर ती अठरा वर्षांची झाल्यावर त्यांची स्वतःची संमती नव्याने घ्यावी. त्यांनी नाही म्हटले तर तो भाग वगळावा.

आता आपल्या हातात काय आहे ते. समजा एका कामाला तीन वर्षांत सहा लाख देणार आहात. तेच बारा वर्षे दरवर्षी पन्नास हजार द्या. पहिल्या पद्धतीत ३१ मार्चच्या आधी निधी खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रासाठी घाईने कॅमेरा आणि लॅपटॉप घेतले जातात, आणि सहाव्या वर्षी टेपा उतरवायला पैसे नसतात. दुसऱ्या पद्धतीत शब्दांकन करणारा, मुद्रितशोधक, दुसऱ्या गावातली प्रत हे चालू राहतात. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षात नेऊ द्या. सर्जक आजारी पडला, घरी अडचण आली, तर 'रद्द' आणि 'चालू' यांच्यामध्ये 'स्थगित' असा तिसरा शेरा ठेवा, आणि स्थगित काळातही साठवणीचा खर्च द्या. पहिल्याच वर्षी झलक, प्रकाशन-समारंभ, समाजमाध्यमांवरची खाती यांची सक्ती नको. झलक बनवण्यासाठी कच्चे चित्रण अर्धवट क्रमात लावले जाते, आणि तो क्रम संकलकाच्या मानगुटीवर शेवटपर्यंत बसतो.

तपासणी जरूर करा. आम्हाला ती हवीच आहे. वर्षातून एकदा एक जाणकार पाठवा. त्याने कामातली कोणतीही दहा विधाने, दहा दृश्ये किंवा दहा नोंदी निवडाव्यात आणि प्रत्येकीचा मूळ आधार, तारीख आणि परवानगी मागावी. दोन तासांत आठ सापडल्या तर दप्तर निरोगी आहे, पाने कितीही कमी असोत. तीनच सापडल्या तर लिखाण थांबवून पुढचे सहा महिने दप्तर लावायला सांगा आणि त्याचे पैसे द्या.

आणि एक सामायिक खोली. प्रत्येक अर्जदाराने स्वतंत्रपणे जुना प्लेअर शोधत फिरण्यापेक्षा, आपण चार-पाच समित्यांनी मिळून शहरात एक कोरडी, थंड खोली चालवावी, पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर. तिथे चालू स्थितीतले दोन मिनीडीव्ही प्लेअर, एक ऑडिओ कॅसेट डेक, दोन पिढ्यांची एलटीओ यंत्रे, फिल्म तपासायचे टेबल, आणि जुने फॉण्ट घातलेला एक जुना संगणक, इंटरनेटला न जोडलेला. सोबत यंत्र दुरुस्त करू शकणारा एक पगारी माणूस. त्याच्याशिवाय ही यंत्रे दोन पावसाळ्यांत भंगार होतील. खोलीची जागा ठरली तर यंत्रांची यादी, त्यांचे सुटे भाग आणि कामाच्या वेळा आम्ही लिहून देऊ. अर्जाचा नमुना बदलायला आपण तयार असाल तर 'कालावधी'च्या रकान्यासाठी आणि दुसऱ्या माणसाच्या संमतिपत्रासाठी मसुदाही देऊ. जानेवारीत आपल्या बैठका सुरू होतात. त्यांपैकी एका बैठकीत आम्हाला अर्धा तास द्यावा, म्हणजे जूनच्या आधी निदान टेपा तरी कोरड्या जागी नेता येतील.

कळावे,
आपले,
मुंबईतील काही संपादक, संकलक, मुद्रितशोधक आणि जतनकार